मैथिलीच्या अंगठ्याचं चॉकलेट

पुणे, दिवाळी पाडवा

मैथिलीच्या आजोबांस वच्छलाचा नमस्कार.

मी इथं खुशाल आहो. तुमचा गुडघा कसा आहे? म्हशीचं दूध काढाले अंकुश येते न रोज?

मैथिलीले पिशवीचं दूध बाधत असंल, आपल्या म्हशीचं नाई बाधत, असं म्हणून मागच्या दिवाळीले तुम्ही नातीले पेढा दिला अन् तिचं तोंड सुजलं. तवापासून म्हशीचं निमित्त करून तुम्ही पुण्याचं नाव घेत नाई. घरचं दूध बाधणार नाई, असं मलेही वाटलं होतं. साहिल अन् सूनबाईच्या मनात तुमचा राग नाई.

यंदा मी बिनदुधाचं चॉकलेट केलं. खायच्या खोबरेल तेलात कोको पावडर, पिठीसाखर अन् आपल्या वडनेरचे भाजलेले तीळ घातले, थंड झाल्यावर गोळे वळले.

वळता वळता आपली चूल आठवली. मी खवा आटवत होती, तुम्ही पेढ्यावर अंगठा दाबत होते, अन् साहिल कढई खरवडून खात होता. मैथिलीले सांगितलं, तर म्हणे, "मग आता अंगठा मी दाबते." लक्ष्मीपुढं तेच ठेवले. पोरीनं सगळ्यांसारखा प्रसाद खाल्ला.

एक तिनं तुमच्यासाठी फ्रिजात ठेवलं आहे, कोणाले हात लावू देत नाई. पार्सलानं पाठवलं असतं, पण बाहेर काढलं की लोण्यावानी पाघळते. रोज फ्रिज उघडून विचारते, "आजोबा कधी येणार?"

म्हैस अंकुश सांभाळंल. येताना पेढे नका आणू, तीळ आणा.

वाट पाहणारी,
वच्छला