रोह्यासाठी कोणती गोळी

अर्विंग, टेक्सास
डिसेंबर २००७

आदरणीय ईश्वरमामा,

तुम्हाला आणि मामीला धम्मदीपचा मनापासून जयभीम. मी आणि मैत्री, आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा, असं मैत्रीनं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे (ती स्वतः महिनाभर दाढ धरून फिरते आहे, पण तो विषय काढायचा नाही). मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण माझ्या कॉलिंग कार्डाची माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त काळजी. मी विषयाला हात घालतो न घालतो तोच तुम्ही "ठेव आता" म्हणता. म्हणून पत्र.

मामा, गेल्या महिन्यात मी शिकारीला गेलो होतो. हे वाक्य मामीला एकदम वाचून दाखवू नका, थोडं पाणी वगैरे देऊन मग दाखवा. पहिलं शील, जिवाची हत्या न करण्याचं, मला तिनंच मांडीवर बसवून शिकवलं आणि ते मी विसरलेलो नाही. जनावरावर मी बंदूक चालवली नाही. पण एक जनावर कोणत्या गोळीनं मरावं, हे ठरवण्यात माझा हात होता. हा हात शीलाच्या अलीकडे पडतो की पलीकडे, ते मला अजून समजलेलं नाही. सगळं सविस्तर लिहितो, तुम्हीच सांगा.

आमच्या शेजारी हर्शेल नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात. आयुष्यभर टेलिफोनच्या तारा ओढण्याचं काम केलं, आता कंबर गेली आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गवत कापायचं मशीन कसं सुरू करतात हे त्यांनीच मला दाखवलं (तोवर आमचं अंगण गुरांसाठी राखलेल्या कुरणासारखं दिसत होतं). मला ते 'डीप' म्हणतात. त्यांची बायको व्हर्ना मागच्या उन्हाळ्यात वारली. मुलगा दूर राहतो आणि त्याला शिकारीचं वावडं आहे. तर हे एक दिवस कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "डीप, तुमच्या देशात नीलगाय असते ना?" मी म्हटलं, असते की. आम्ही तिला रोही म्हणतो, माझ्या मामाच्या उमरेडच्या शेतात रोज येते. माझी चूक झाली ती इथे. टेक्सासच्या दक्षिणेला आपले रोही आहेत, मामा! फार वर्षांपूर्वी कुणीतरी आणून सोडले, ते तिथे वाढले, पसरले आणि कुणी त्यांचा व्हिसा विचारला नाही. हर्शेलना मरायच्या आधी एकदा रोह्याची शिकार करायची होती. त्यांच्या लेखी मी आता रोह्यांमधला जाणकार ठरलो होतो (ऑफिसात सगळे मला योगासनांबद्दल विचारतात, तशातलाच प्रकार). त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: एवढ्या लांब ड्राइव्ह करायचं, आणि गोळी कोणती घ्यावी ते सांगायचं.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनच्या मांडीवर. पण म्हातारा माणूस विश्वासानं विचारतो आहे म्हटल्यावर मी वाचायला बसलो. इंटरनेटवर शिकारी लोक गोळ्यांवरून जे भांडतात, तसं आपल्याकडे लग्नात मानपानावरूनही भांडत नाहीत. त्या गदारोळातून मला जे कळलं ते एवढंच: गोळीचं काम नुसतं लागणं नाही, पोचणं आहे. हरणाची गोळी हलकी आणि मऊ असते. आत शिसं, वर तांब्याचं पातळ कवच. अंगात शिरताच ती फुलते आणि हरीण जागेवर पडतं. रोह्याचं तसं नाही. खांद्यावरचं कातडं जाड, खालचं हाड भक्कम. हलकी गोळी तिथेच फुटते आणि तिचे तुकडे होतात. जनावर पळून जातं, रक्तही धड सांडत नाही, माग लागत नाही आणि मग ते झुडपात कुठेतरी दिवसेंदिवस मरत राहतं. त्याला जड गोळी हवी, जाड कवचाची, उशिरा फुलणारी, हाड फोडून काळजापर्यंत जाणारी. हे वाचून मला बरं वाटलं नाही, पण पटलं. मारायचंच असेल तर निदान हाल तरी नकोत.

हे सांगायला मी हर्शेलच्या गॅरेजमध्ये गेलो, तर त्यांनी माझ्यासमोर एक डबा उघडला. मामा, व्हर्ना काडतुसं घरी भरायची. दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची, हे सगळं बाईंचं काम, आणि हर्शेल फक्त चाप ओढायचे. त्यांचा संसार असा चालला. तिनं भरलेला हा शेवटचा डबा. "हिच्याच गोळ्यांनी मारणार," ते म्हणाले आणि एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. मी पाहिलं. हरणाची गोळी होती. हलकी, मऊ. मी "छान आहे" म्हणालो आणि घरी आलो.

मैत्री म्हणाली, "दिवसभर लोकांच्या चुका सांगायचा पगार घेतोस, यांना सांगायला काय झालं?"

मी म्हटलं, "चूक त्यांची असती तर सांगितली असती. ती बाई गेली आहे गं."

"तिची तरी कुठे चूक आहे? तिनं हरणासाठी केल्या होत्या."

हेच वाक्य मी उचललं आणि वाटेत गाडी चालवता चालवता हर्शेलना ऐकवलं. त्यांनी रेडिओ बंद केला.  म्हणाले, "व्हर्नाची गोळी कधी चुकली नाही." मी म्हटलं, "हरणावर." त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि रँच, म्हणजे शिकारीसाठी राखलेलं मोठं रान, येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. जड गोळ्यांचा एक डबा मी आधीच घेऊन बॅगेत टाकला होता, पण तो बाहेर काढायची माझी हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रँचचा माणूस आम्हाला पिकअपमधून फिरवत होता. आणि मग दिसले, मामा. तेच आपले रोही, तीच मान, तीच चाल, फक्त मागे हरभऱ्याऐवजी निवडुंग. मला एकदम घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. त्यात एक मोठा निळसर नर होता, हर्शेल ज्याच्यासाठी आले होते अगदी तसा. आणि सगळ्यांच्या मागे, बरीच मागे, एक मादी होती. पुढचा पाय टेकत नव्हता, खांदा सुजलेला, बरगड्या मोजता येत होत्या. कुणाची तरी गोळी खाऊन कधीपासून फिरत होती, देव जाणे (ही नुसती बोलायची पद्धत, मामीला सांगा). हर्शेलनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग ती माझ्या हातात न देता खाली मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "डीप, तुझ्या गोळ्या काढ."

मी डबा दिला. आधी त्यांनी लांब जाऊन कागदावर गोळ्या झाडून नेम बसवला, कारण गोळी बदलली की बंदूक वेगळीकडे मारते. आम्हाला एकाच जनावराची परवानगी होती. आम्ही परतलो तेव्हा मादी तिथेच होती, आणि नरही झुडपाशी परत येऊन आडवा उभा होता. हर्शेलनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि बंदूक मादीकडे वळवली. एक आवाज झाला. ती बसावी तशी खाली बसली आणि परत उठली नाही. मी मनात बुद्धवंदना म्हणत होतो, पण मधलेच शब्द आठवेनात. हर्शेल टोपी काढून उभे होते.

रँचच्या माणसानं तिचा जुन्या जखमेचा खांदा उघडून दाखवला. कातड्याखालीच शिशाचे बारीक तुकडे सांडले होते, आत एकही गेला नव्हता. हर्शेलनी त्यातला एक बोटानं उचलून पाहिला आणि म्हणाले, "असं जनावर मागे सोडून गेलो असतो, तर व्हर्नानं मला घरात घेतलं नसतं." एवढंच. मग माझ्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत चालत आले. कंबर दुखत होती म्हणून असेल, पण हात त्यांनी गाडीत बसल्यावरही काढला नाही.

परत निघायच्या आधी त्यांनी कुंपणावर रिकामे डबे मांडले आणि व्हर्नाची काडतुसं एकेक करून उडवली. मला म्हटलं, तूही मार. मी मारलं. डब्याला काही झालं नाही, माझा खांदा मात्र काळानिळा झाला. हर्शेल हसता हसता वाकले आणि तसेच वाकून बराच वेळ रडले. मी रिकामी टरफलं गोळा करत राहिलो, दुसरं काय करणार?

तर मामा, हे असं झालं. मी बरं केलं की वाईट, मामीला शांतपणे विचारून कळवा. दोघांनी प्रकृतीला जपा.

तुमचाच भाचा,
धम्मदीप

ता. क. मांसाचा अर्धा वाटा आमच्या फ्रीजरमध्ये आहे. मैत्री आधी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती, आता विचारते आहे की सावजी मसाला मिळेल का. कुणी इकडे येणार असेल तर पाठवा.

ता. क. २. मसाला राहू द्या, आम्हीच जानेवारीत येतो आहोत. हर्शेलही सोबत आहेत. त्यांनी विचारलं, तुझा मामा रोह्यांसाठी कोणती गोळी वापरतो? मी म्हटलं, मामा ओरडतात. "आणि ते परत येतात?" म्हटलं, रोज. तेव्हापासून त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. तुमच्याबरोबर शेतात बसून रोही बघायचे आहेत, बंदुकीशिवाय.

ता. क. ३. आई म्हणत होती, तुम्ही यंदा शेताला झटका देणारं तारेचं कुंपण लावलं आणि रोही यायचे बंद झाले. मामा, आम्ही तिथे असू तेवढे दिवस ते कुंपण बंद ठेवा. हरभरा तेव्हा घाट्यावर, ऐन दाणे भरण्यात असेल, हे मला माहीत आहे.