मुलाखतीआधीची खुर्ची

४ मार्च

परत तेच — ‘कळवू.’ कळवणार डोंबल! आठ वर्षं कारखान्यात खुर्च्या तपासल्या. कारखाना बंद पडला आणि मी एकदम बिनकामाची?

आज तर मुलाखतीआधी तासभर बाहेर ताटकळत ठेवलं. आणि खुर्ची कसली — पाठीचा टेकू दोन बोटं खाली! रागाच्या भरात तिथेच मोबाइल काढला, व्हिडिओ केला आणि टाकला: ‘मुलाखतीआधीची खुर्ची. दहापैकी तीन. मला कामावर घ्या, तुमच्या खुर्च्या अशा निघणार नाहीत.’

वहिनी म्हणाली, “नुसतं बसून पैसे मिळत असते ना, तर तुझा दादा कोट्यधीश झाला असता!” दोघी पोट धरून हसलो.

५ मार्च

चौदा जणांनी पाहिला. त्यात दोनदा मीच.

११ मार्च

आता जिथे बसेन तिथला व्हिडिओ. दवाखान्यातल्या बाकाला शून्य दिला. कंपाउंडर खवळला — “पेशंट आहात की परीक्षक?” तेही टाकलं. लोकांना तोच जास्त आवडला! अनोळखी माणसं घरच्या खुर्च्यांचे फोटो पाठवतायत, “ताई, हिला किती?” सगळे विचारतायत, नोकरीचं कोणी विचारत नाही.

दादाने शेवटी विषय काढलाच. मित्राच्या दुकानात गल्ल्यावर जागा आहे, एक तारखेपासून. “किती दिवस खुर्च्या उबवणार?” फाडकन बोलले त्याला. मग वाईट वाटलं. एकटा किती ओढणार तो? एक तारखेपर्यंत काही जमलं नाही तर गल्ल्यावर बसायचं. हो म्हणाले.

१९ मार्च

फोन आला! खुर्च्यांच्याच कंपनीतून! मालकीणबाई स्वतः — “फार फटकळ आहात हो तुम्ही. तपासणीला असंच माणूस हवंय. सोमवारी या.”

जेवण गेलं नाही. घरभर नुसत्या येरझाऱ्या. वहिनी ओरडली, “बस की गं एका जागी!”

२१ मार्च

साडी की ड्रेस? ड्रेस. नाही, साडी.

२३ मार्च

काय करून बसले मी!

बाईंनी खुर्ची पुढे केली. टेकले आणि कळलं — पुढचा एक पाय आखूड, बैठक पुढे कललेली. “नवीन मॉडेल आहे. कशी वाटते?” समोर तीन माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. माझ्या डोळ्यांपुढे तो गल्ला. म्हणाले, “छान आहे! फारच आरामशीर.” तेवढ्यावर थांबावं की नाही? पाठीचं कौतुक केलं, हातांचं केलं, इतकं की त्यातला एक जण स्वतः बसून बघायला उठला! आणि मी घसरू नये म्हणून पाय रोवून बसलेली.

बाई नुसत्या हसल्या. जगातल्या खुर्च्यांना नावं ठेवली आणि वेळ आली तेव्हा शेपूट घातलं. लाज वाटते. व्हिडिओ उघडावेसे वाटत नाहीत.

२६ मार्च

बाईंचा फोन. खुर्ची मुद्दाम तशी ठेवली होती म्हणे. “त्या खुर्चीत बसून इतकं गोड बोलणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं!”

नोकरी मिळाली. तपासणीत नाही — विक्रीत.