घरचं लेबल

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? लाँड्रीतलं नवं मशीन अजून जागेवरून चालत सुटतं का? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त छातीत धडधडतं, झोप लागत नाही आणि घास उतरत नाही.

सोमवारी मला कायम करायचं की नाही ते ठरणार, आणि मी कायम झाले की बाबा रात्रपाळी सोडणार. (आई म्हणाली, त्यांनी नवी उशीसुद्धा आणलीय!) नेमक्या याच आठवड्यात मी अख्ख्या हॉस्पिटलचे रिपोर्ट बंद पाडले.

त्याचं असं झालं. आमच्या सर्व्हरवर एक पहारेकरी आहे. (माणूस नव्हे, प्रोग्रामच.) तिथे प्रत्येक फाइलला एक लेबल असतं आणि ती वाचायला येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामलाही एक. पहारेकरी दोन्ही लेबलं शेजारी धरतो; जोडी नियमात बसली नाही तर नाही म्हणजे नाही, मग मागणारा साहेब का असेना. मी रिपोर्टची नवी पानं माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये (त्याला इथे ‘घर’ म्हणतात) बनवली, वेबसाइटच्या फोल्डरमध्ये हलवली आणि चहाला गेले. परत येते तो सगळे फोन वाजताहेत आणि प्रत्येक पेशंटच्या स्क्रीनवर ‘परवानगी नाही’.

साहेब म्हणाले, “अगं, बंद कर ते लेबल-बिबल आणि मोकळी हो.”

“सर, लोकांच्या आजारपणाचे कागद आहेत ते. पहारा कसा काढायचा?”

“मग बस जुळवत. सोमवार जवळ आलाय हं.”

बसले. चालणारी एक फाइल आणि माझी रुसलेली फाइल शेजारी ठेवली. सगळं सारखं, पण तिच्या लेबलावर ‘वेबसाइट’ आणि माझ्या फाइलीवर ‘घर’! तुझ्याकडे लाँड्रीत मुलांच्या वॉर्डची चादर दुसऱ्या गठ्ठ्यात टाकली तरी तिच्यावर शिवलेली पट्टी जुनीच राहते ना, तसंच. कॉपी केली असती तर नव्या जागी नवं लेबल मिळालं असतं. पण एक असताना दुसरी करायची म्हणजे आईचे डोळे समोर येतात गं. (आपल्या घरात आमटीचा डाव तरी दुसरा आहे का?) शेवटी एका कमांडने लेबलं बदलली आणि रिपोर्ट उघडले.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी घाबरट पदवीधर भाची

ता. क. चूक कोणाची, हे कुणी विचारलंही नव्हतं. मीच सगळ्यांसमोर हात वर केला.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं तेवढ्यात सोमवार उजाडला. मावशी, मी कायम झाले! मी पहारा काढायला नाही म्हणाले म्हणून सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रात्रपाळीचं. बाबांना हे तूच सांग, माझा धीर होत नाही. आणि ‘पोरीऐवजी मीच जागतो’ म्हणत ते पुन्हा डबा घेऊन निघाले, तर दारात आडवी उभी राहा. त्यांच्यावर आता ‘घर’ असं लेबल आहे, म्हणावं.