देवमनचं गाणं आणि माझी स्थळं

१४ जानेवारी १९६२, अमरावती
ठरलं. या वर्षी लग्न करायचंच. वय एकोणतीस, पीडब्ल्यूडीत परमनंट क्लार्क, स्वतःची सायकल. मामा म्हणाले, पोरी आमी दाखवतो, तू फक्त तोंड बंद ठेव. मामा जुन्या वळणाचे. माझी एकच कंडिशन: मुलीला गाण्यातलं कळलं पाहिजे. सिनेमातलं नव्हे, ते कुणालाही कळतं. देवमनचं! अकोल्याचा हा शाळामास्तर गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो, सिनेमाची उसनी घेत नाही. असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही, आणि वऱ्हाडाला त्याचा पत्ता नाही. काल ऑफिसात त्याचं एक गाणं माझ्याच आवाजात ऐकवलं. बरेच जण चहाला निघून गेले.

२१ जानेवारी, बडनेरा
पहिलं स्थळ. देवमनला पेटीसकट घेऊन गेलो. त्याची रेकॉर्ड निघालेली नाही, मग दुसरा इलाज काय? मुलीच्या बापानं विचारलं, नवरदेव कोन्ता, पेटीवाला का? मी हसलो. गाणं झाल्यावर विचारतो, कोन्त्या सिनेमाची चाल हाये? पोह्यांची बशी तिथेच ठेवली आणि उठलो. मामा रस्त्यात म्हणाले, लेका, पोरगी त पाहायची होती! खरंच, पाहिली नाही. हरकत नाही.

४ फेब्रुवारी, मूर्तिजापूर
दुसरं स्थळ. मुलीची आजी दुसऱ्याच कडव्यात झोपली. मुलगी तिला वारा घालत बसली. नापास.
जीव कुठे लागत नाही. निश्चय: देवमनविषयी पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही. तो स्वतः म्हणतो, दादा, मले कायले नेता? आदी तुमचं होऊन जाऊ द्या. किती साधा माणूस! हेच परतीच्या गाडीत समोरच्या पॅसेंजरला सांगत बसलो. बडनेरा, माझं उतरायचं स्टेशन, मागे गेलं. धामणगावला उतरलो.

१८ फेब्रुवारी, अकोला
सापडली! तिसरं स्थळ, शेषरावांची मुलगी मैना. मॅट्रिक, आता ट्रेनिंग कॉलेजात. देवमननं नवं गाणं म्हटलं: दीक्षा घेऊन आई नागपूरहून पांढऱ्या लुगड्यात घरी येते, ते. मैना हललीसुद्धा नाही. संपल्यावर म्हणाली, तिसरं कडवं पुन्हा म्हणता का? पुन्हा! आजवर कुणी पुन्हा म्हणा म्हटलं नव्हतं. माझ्याकडेही तिनं एकदा पाहिलं. जरा सरका म्हणाली, मी पेटीच्या आड येत होतो.
हिच्याशीच. नाहीतर कुणाशीच नाही.

२५ फेब्रुवारी
निरोप नाही. नवा शर्ट शिवायला टाकला. ऑफिसात दोनदा चुकीच्या कागदावर शिक्का मारला. मामा म्हणाले, गप राय, पोरीवाल्याईच्या मांगं लागू नोको. मी कुठे लागलोय?

४ मार्च, अकोला
देवमनला भेटायला म्हणून आलो. तो घरी नव्हता. शेजारी म्हणाले, मास्तर रोज शेषरावाच्या घरी जातेत, पोरीले गानं शिकवाले. वा रे गडी! माझ्यासाठी किती धडपडतोय. आल्यापावली परतलो, उगाच त्याला डिस्टर्ब कशाला.

११ मार्च, सकाळ
शेषराव आज येणार! नवा शर्ट. मामांनी पेढे आणून ठेवले. देवमनचा विषय काढायचा नाही, काही झालं तरी.

संध्याकाळ
शेषराव आले. इकडचं तिकडचं झालं. मग मला विचारलं, देवमन मास्तर कसा मानूस हाये? पोरगी म्हनते, करीन त त्यायच्याशीच. तुमी त्यायले चांगले ओयखता. तुमी नाई म्हटलं, त आमीबी नाई म्हनतो.
मामा माझ्याकडे बघत राहिले. एक शब्द पुरे होता. पितो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. हिय्या करून म्हणालो, वरच्या पट्टीत त्याचा आवाज जरा बारीक होतो. शेषराव म्हणाले, मंजे? आता हे गाऊन दाखवल्याशिवाय कसं समजणार? दाखवलं. मग चाल कशी बांधलीय ते सांगावं लागलं. मग तो किती सरळ माणूस आहे तेही. आणि तिसरं कडवं तर अर्धवट सोडताच येत नाही. दिवेलागण होईस्तोवर बोललो. शेषरावांनी डोळे पुसले. मामांनीसुद्धा.
जाताना शेषराव माझे दोन्ही हात धरून म्हणाले, आता काई इचाराचं राह्यलं नाई.
पेढे मामांनी त्यांच्याच हातात दिले.