केन्लीची पहिली बंदूक, आणि माझं बाकीचं जे काही आहे ते

मी, ऑर्फा नेल स्टिल्टनर, कै. डेन्व्हर स्टिल्टनर यांची बायको, वय चौऱ्याहत्तर, राहणार टॅकेट्स फोर्कचं खोरं, वेस्ट व्हर्जिनिया, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. कचेरीतल्या बाईने सांगितलं की या राज्यात स्वतःच्या अक्षरातलं मृत्युपत्र चालतं, म्हणून वकील केला नाही. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. येत्या गुरुवारी छाती उघडून आतली झडप बदलणार आहेत. डॉक्टर पोरगेलासा आहे आणि मला "स्वीटी" म्हणतो, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण हा कागद त्या भीतीने लिहीत नाही. दुसऱ्या भीतीने लिहीत आहे. ती सहाव्या कलमात आहे. रॉडनी, थेट तिथे उडी मारू नकोस, क्रमाने वाच.

कलम १. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र रद्द. ते मी चुलीत घातलं आहे, शोधत बसू नये.

कलम २. घर आणि त्याभोवतीची अकरा एकर जमीन माझा एकुलता एक मुलगा रॉडनी याला. मात्र नवव्या कलमातली अट पाळून. तुझ्या मेव्हण्याला छपराला हात लावू द्यायचा नाही. मागच्या वेळी त्याने दुरुस्त केलेल्या जागेतून अजून पाणी गळतं आणि तो मात्र अजून सगळ्यांना सांगत फिरतो की मी दुरुस्त केलं.

कलम ३. सगळ्या गोधड्या आणि बिडाचा तवा सून क्रिस्टलला. तिने कधी काही मागितलं नाही, म्हणूनच तिला. तवा साबणाने घासायचा नाही.

कलम ४. बँकेत जे असेल त्यातून मला डेन्व्हरशेजारी पुरावं. साधी पेटी. उरेल ते केन्लीच्या शिक्षणाला. केन्ली म्हणजे रॉडनीची मुलगी, माझी एकुलती एक नात, येत्या एकवीस नोव्हेंबरला दहा वर्षांची होणार.

कलम ५. अव्हानेल मुल्लिन्सशी मी एकोणीस वर्षं बोललेले नाही. चर्चच्या जेवणात तिने चारचौघांत सांगितलं होतं की माझ्या दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगा वाळवलेल्या नव्हत्याच, दुकानातल्या डब्यातल्या होत्या. ते खोटं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. मी तिला माफ केलेलं नाही, आणि मेल्यावरही करेन असं वाटत नाही. तरी आठवं कलम वाचावं.

कलम ६. आता ती बंदूक.

स्टिल्टनरांच्या घरात रीत आहे. मूल दहा वर्षांचं झालं की घरातली बावीसची, म्हणजे बारीक गोळीची, बंदूक वाढदिवसाला त्याच्या हातात जाते. डेन्व्हरच्या बापाने डेन्व्हरला दिली, डेन्व्हरने रॉडनीला. आता रॉडनी केन्लीला देणार. बंदूक तीच, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्यांवर असते. नळीखाली एक लांब पितळी पुंगळी, तिच्यात चौदा काडतुसं. चाप दाबत राहिलं की उडत राहते. फुकट मिळते, म्हणून सगळ्यांना बरी वाटते.

काल रविवारी चर्चहून आल्यावर सगळे जेवायला इथेच होते. घरची मऊ बिस्किटं, ग्रेव्ही, सॉसेज. रॉडनीने केन्लीला दाखवायला बंदूक खाली काढली. शनिवारी त्याने ती परसात चालवायला नेली होती. पुंगळी ओढून त्याने काडतुसं टेबलावर ओतली आणि म्हणाला, "बघ केन्ली, पुंगळी बाहेर म्हणजे बंदूक रिकामी."

अगदी हेच शब्द त्याचा बाप बोलायचा. माझ्या हातातला चमचा खाली पडला.

मी म्हटलं, "बोल्ट ओढ."

"मॉम, रिकामी आहे गं. तुझ्या डोळ्यांदेखत ओतली ना सगळी?"

"ओढ म्हणते ना!"

त्याने क्रिस्टलकडे बघत डोळे फिरवले आणि बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खिट्टी, ओढला. पुंगळीतून आधीच नळीत चढलेलं काडतूस टुणकन उडालं आणि ग्रेव्हीच्या भांड्यात पडलं.

केन्ली टाळ्या पिटत ओरडली, "डॅडीने ग्रेव्हीत शिकार केली!" रॉडनी हसला. क्रिस्टल हसली नाही. तिने ते भांडं उचललं आणि सगळी ग्रेव्ही मोरीत ओतली.

"एखादं राहतं कधीकधी," रॉडनी मला म्हणाला. "जुन्या बंदुका असंच करतात. मी शिकवेन ना तिला."

मला धडकी भरली ती या वाक्याने. काडतुसाने नाही. तो तिला हेच शिकवणार आहे.

कलम ७. या कलमात द्यायचं काही नाही. सांगायचं आहे. अठ्ठेचाळीस वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही, डेन्व्हरलाही नाही.

ऑगस्ट एकोणीसशे पंचाहत्तर. रॉडनी पाच महिन्यांचा. मी सव्वीस वर्षांची, आणि तेव्हा मला थट्टेची फार हौस होती. डेन्व्हर बंदुकीने डबे पाडून आला, पुंगळी ओढली, काडतुसं खिशात टाकली, बंदूक दाराला टेकवली आणि "रिकामी आहे" म्हणून शेडकडे गेला. बाहेर कुंपणावर कोंबडा बसला होता. रोज पहाटे मला उठवणारा. मी बंदूक उचलली, जाळीच्या दारातून त्याच्यावर रोखली, आणि म्हटलं, घे बाबा, मेलास. चाप ओढला. नुसतं टक् ऐकायचं होतं.

टक् झालं नाही.

कोंबडा उडाला. वाळत घातलेल्या चादरीला भोक पडलं होतं. चादरीमागे दोरीखाली धुण्याची टोपली होती आणि टोपलीत मी रॉडनीला झोपवलं होतं. तिथवर मी कशी गेले ते आठवत नाही. टोपलीच्या विणीतून गोळी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली होती, मधे गोधडीची घडी फाडून. तो जागाही झाला नव्हता. डेन्व्हरने शेडमधून हाक मारली, "काय गं?" मी म्हटलं, "कावळा होता."

टोपली मी जाळली. गोधडीला ठिगळ लावलं आणि उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगितलं. बंदूक घरातून काढ असं डेन्व्हरला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. रॉडनी दहा वर्षांचा झाला तेव्हाही गप्प बसले, आणि त्याची ती सगळी वर्षं तो डोंगरात गेला की स्वयंपाकघरात उभी राहून गोळ्यांचे आवाज मोजत राहिले. आता पुन्हा मोजायची ताकद नाही. आणि गुरुवारनंतर मोजणारी असेन की नाही, माहीत नाही.

कलम ८. केन्लीला बंदूक मिळेल. नेमबाजीची तिला आवड आहे आणि या खोऱ्यात तिला ती कोणाकडून तरी मिळणारच, मग बरी मिळावी. मागच्या महिन्यात मी तिला गावातल्या दुकानात नेऊन माप घेतलं आहे. दुकानदार दहा काडतुसांच्या पेटीची, वर दुर्बीण लावलेली दाखवत होता. म्हणे, "आजी, दोन वर्षांत छोटी बंदूक तिला पुरायची नाही." मी म्हटलं, "दोन वर्षं जगू दे आधी." घ्यायची ती अशी:

एका वेळी एकच काडतूस मावणारी, तेही दर वेळी हाताने घालायचं. बोल्ट बंद केला तरी आपोआप सज्ज होत नाही, मागची गुंडी अंगठ्याने वेगळी ओढावी लागते, अशीच हवी. म्हणजे एक गोळी उडायला तीनदा विचार करावा लागतो. खांद्याला लावायचा दस्ता आखूड, कोपराच्या आत बसणारा. वजन एवढंच, की उभ्याने रोखून प्रभूची प्रार्थना आमेनपर्यंत म्हणताना टोक खाली झुकता कामा नये. केन्ली आमेनपर्यंत टिकली, मी पाहिलं. दुर्बीण नाही, नेम धरायला नळीच्या टोकाची लोखंडी माशी पुरे. काडतूस बावीसचं साधं, ते हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा मिळतं आणि खांद्याला धक्का देत नाही. गुलाबी दस्ता तिला फार आवडला होता. नाही. खेळण्यासारखी दिसणारी बंदूक कोणीतरी खेळण्यासारखी उचलतं.

नवी एकशे साठ डॉलरच्या आसपास आहे. पैसे पिठाच्या डब्याच्या तळाशी पाकिटात ठेवले आहेत. जुनी मिळाली तरी चालेल, पण नळीत काडतूस बसतं त्या घराची कड नखाने तपासून घ्यावी. या काडतुसांवर घाव काठावर बसतो, आणि लोक रिकामीच टक् टक् करत बसतात, मग ती कड ठेचते आणि काडतूस पेटत नाही. पेटलं नाही तर टोक मातीकडे धरून तीस आकडे मोजायचे, मग उघडायची. आत नळीत करंगळी घालून बघायची. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. कागदी ताटल्या जुन्या खाणीच्या रस्त्यालगतच्या मातीच्या बांधावर लावायच्या, तळ्याच्या बाजूला कधीच नाही. पाण्यावरून गोळी उसळते.

शिकवायचं काम अव्हानेल मुल्लिन्सने करावं. जत्रेच्या मैदानावर ती जिल्ह्याच्या पोरांचा नेमबाजीचा वर्ग घेते. जिभेने ती बाई खोटी आहे, पण तिच्या हातात बंदूक असताना मी कधी दचकले नाही. बंदूक तिच्याच कपाटात राहील, बोल्ट वेगळ्या खणात. याबद्दल तिला माझी वाळवलेल्या शेंगांची बरणी द्यावी. दोरा अजून शेंगांतच आहे, नीट बघ म्हणावं.

कलम ९. खिळ्यांवरची जुनी बंदूक कोणालाही नाही. शेजारच्या हार्लिस ब्लँकेनशिपने ती वेल्डिंगच्या टेबलावर तीन ठिकाणी कापावी. ही किंवा आठव्या कलमाबाहेरची कुठलीही बंदूक केन्लीला चौदा वर्षांच्या आत देण्यात आली, तर घर आणि जमीन रॉडनीकडून काढून रस्त्यापलीकडच्या त्या पास्टरच्या चर्चला जाईल, जो कर्ण्यावर गातो. रॉडनी, मी खरंच करेन.

इथपर्यंत लिहून झालं आणि पन्हळी साफ करायला रॉडनी आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. हार्लिस आणि टपालवाली लोरेन आटकिन्स साक्षीला बसलेच होते. सातव्या कलमावर तो थांबला.

"किती लांबून गेली?" त्याने विचारलं.

"चार बोटं."

"कुठल्या बाजूने?"

"डाव्या."

त्याचा हात डाव्या कानाशी गेला. मग तो उठला आणि बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसला. इंजिन लावलं नाही. लोरेनचं उरलेलं टपाल वाटायचं राहिलं होतं, पण ती हलली नाही. माझ्या छातीत काय चाललं होतं ते गुरुवारच्या डॉक्टरला ऐकू आलं असतं तर त्याने मला स्वीटी म्हटलं नसतं.

वीस मिनिटांनी तो आत आला. "मॉम, हे मला माझ्या वयाच्या दहाव्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली. तूही काल केन्ली हसली तसाच हसशील याची."

तो म्हणाला, "आणखी एक कलम लिही. मी सांगतो."

"माझ्या मृत्युपत्रात तू सांगणार?"

"लिही ना गं, म्हातारे."

कलम १०. अव्हानेलच्या वर्गात केन्लीबरोबर तिचा बाप रॉडनीही बसेल, पहिल्या दिवसापासून, त्याच बाकावर. तोवर तो कुठल्याही बंदुकीला हात लावणार नाही.

हे लिहिताना मी त्याला म्हटलं, "तिथे सगळी आठ-दहा वर्षांची पोरं असतात. हसतील तुला."

तो म्हणाला, "हसू दे."

हे सर्व मी वाचून दाखवलं, साक्षीदारांनी ऐकलं, कोणी मला भाग पाडलं नाही, उलट मीच सगळ्यांना भाग पाडलं. शेवटच्या ओळींत अक्षर वाकडं आलं आहे. पण हात माझाच आहे.

सही: ऑर्फा नेल स्टिल्टनर
साक्षीदार: हार्लिस ब्लँकेनशिप
साक्षीदार: लोरेन आटकिन्स
कलम १० मान्य: रॉडनी डी. स्टिल्टनर

टॅकेट्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३