गुंडी धावली त्या दिवशी

१४ नोव्हेंबर, दुपार

ती. दादास,
टकळीचा नमस्कार.

'इकडील सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, पण क्षेम नाही. बाबांनी अन्न सोडलंय. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. उजवी बाजू गेल्या वर्षीच लुळी पडली, तरी डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर खडू ओढल्यासारखी फिरत असतात. बहुतेक पँट बेततात. दुकान मीच बघते. नवे कपडे आता कोण शिवून घेतो? झिपा बदलायच्या, पँटी आखूड करायच्या, पोट सुटलेल्यांच्या कमरा सैल करायच्या. टेप हातात असताना कधी कधी मनात येतं, दादाची कमर आता किती झाली असेल.

मावशीनं तुझा फोन नंबर दिलाय. तीनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. जन्मभर बडबड करणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा म्हटलं लिहावं.

गुंडी आठवते? काय वेड्यासारखं विचारतेय मी. अंगभर पांढरी कुत्री आणि पाठीवर तेवढा एक काळा गोल ठिपका. मशीनच्या पायडलापाशी झोपायची आणि अंगाला दोरे चिकटवून घरभर हिंडायची. आई गेल्यावर बाबा धड बोलायचे ते फक्त तिच्याशी. आपल्याला नुसते हुकूम.

ती आजारी पडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू चौदाचा. गुरांचा डॉक्टर चार दिवसांची मुदत देऊन गेला आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा तू म्हणालास, "देवाकडे फुकट मागायचं नसतं, टकळे. आपलं काहीतरी द्यावं लागतं. तू तुझी बडबड दे. गुंडी पुन्हा धावेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." तू मला गप्प करायला म्हणाला असशील. मी खरं मानलं. त्या वयात तू आणि देव मला सारखेच होतात.

आणि दादा, चौथ्या दिवशी ती उठून बसली. दूध प्यायली. माझा ऊर कसा भरून आला होता सांगू. शाळेत बाईंनी उभं केलं, छड्या दिल्या, मी तोंड उघडलं नाही. प्रत्येक छडी देवाच्या खात्यात जातेय असं वाटत होतं.

सहाव्या दिवशी मी खिडकीत होते. तू खाली अंगणात सायकलमध्ये हवा भरत होतास. फाटकाची कडी तू लावली नव्हतीस, ते खरं आहे. बाबा अस्तराचं कापड घेऊन रस्त्याच्या पलीकडे आले आणि गुंडीनं त्यांना पाहिलं. ती पायरीवरून उतरली, फाटकातून निघाली, रस्ता लागल्यावर पळायला लागली. ट्रक मला वळणापासूनच दिसत होता.

मी हाक मारली असती तर ती थांबली असती. माझ्या हाकेला ती नेहमी थांबायची. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी राहिले. बोलले तर नवस मोडेल आणि ती मरेल, एवढंच डोक्यात होतं.

ट्रकवाला खाली उतरला. त्यानं आपल्या सीटवरची चादर काढून तिला गुंडाळलं, अंगणात आणलं, आपल्याच पहारीनं खड्डा खणला. बाबांनी वर बघून विचारलं, "तू खिडकीतच होतीस ना गं? हाक का नाही मारलीस?" त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. माझे हात अजून तोंडावरच होते. तो म्हणाला, "मारली होती हो पोरीनं. मी ऐकली. माझाच ब्रेक लागला नाही." त्याचं तोंड मला आठवत नाही, ग्रीसनं काळे झालेले हात आठवतात. अनोळखी पोरीसाठी त्यानं आपल्या माथी घेतलं. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पट्टा काढून तुझ्याकडे वळले.

तू खाली होतास. हाक ऐकू आली नव्हती, हे तुला पक्कं माहीत होतं. पट्टा बसत असताना तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मीही गप्प. तेव्हा तर नवसही नव्हता.

पुढं तीन वर्षं घरात काहीही बिघडलं की बाबा तुला 'फाटक उघडं टाकणारा' म्हणायचे. मी ऐकत जेवायचे. सतराव्या वर्षी तू गेलास, तेव्हा बाहेरून हात घालून फाटकाची कडी नीट लावून गेलास. तेही मी खिडकीतूनच पाहिलं.

लोक म्हणतात, अशानं देवावरचा विश्वास उडतो. माझा घट्ट झाला. ट्रक येताना मी मनातल्या मनात 'गुंडी' म्हटलं होतं, तेवढंही देवानं बोलण्यात मोजलं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. मग एकदा कुणाच्या तरी पँटची दुमड उसवताना हात थांबला. बोली तर 'धावेपर्यंत' अशीच होती. फाटकाबाहेर ती धावली, तेव्हाच नवस फिटला होता. मी ओरडायला मोकळी होते. त्या दिवशी काम बाजूला ठेवून मी देवाची तसबीर कापडात बांधली आणि कपाटावर टाकली.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते जड जिभेनं म्हणाले, "त्याला ठाऊक होतं?" मी म्हटलं, होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचा खांदा हलत होता. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "फाटकाची कडी काढून ठेव. त्याला हात घालावा लागू नये."

काल संध्याकाळपासून फाटक सताड उघडं आहे. सकाळी शेजारीण बंद करायला गेली, मी खिडकीतून इतक्या मोठ्यानं ओरडले की ती दचकली. बाबांच्या हाती दिवस थोडे आहेत. मला माफ कर म्हणायचं माझं तोंड नाही, ते राहू दे. तू ये.

उशिरा का होईना, तुला हाक मारणारी,
टकळी