गाळपेराचा आकडा

११ मे
प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरवर वैतागले आज! धरणाच्या पातळीचा माझा फोर्ट्रान प्रोग्राम काठाचे तुकडे पाडून सगळे एकदम मोजतो. म्हणून प्रत्येक व्हेरिएबल सगळ्या तुकड्यांचं सामाईक की ज्याचं त्याचं खाजगी, ते लिहून द्यावं लागतं. एक नाव भरलं की कंपायलर दुसरं काढतो — तलाठ्यासारखा. शेवटी 'प्रत्येक नाव तपास' असं त्याला सांगणारी ओळच उडवली. गप्प बसला.

आकडा आला: शनिवारपर्यंत पाणी आमच्या गाळपेराला लागणार. धरण ओसरलं की उघड्या पडणाऱ्या त्या जमिनीत आबांचा भुईमूग आहे, अजून कोवळा. फोन केला.
"तू म्हनतीस तर उपटतो," आबा म्हणाले.

१४ मे
पाऊस नाही, काही नाही. आबांनी अर्ध्या वावरातला भुईमूग उपटला. आई म्हणाली, "शेंगंत दानाच भरला न्हाई गं. म्हशीपुढं टाकला." आबा फोनवर आलेच नाहीत.

१५ मे
सापडलं! प्रोग्राम पुन्हा चालवला तर आकडा वेगळा. परत चालवला — आणखी वेगळा. उडवलेली ओळ जागेवर घातली. कंपायलरनं लगेच बोट ठेवलं: 'पातळी' कुणाची ते सांगितलेलंच नाही. ती सामाईक राहिली होती. एक तुकडा लिहायचा, दुसरा त्याच्यावरच गिरवायचा. आणि तो आकडा मी आबांना दिला! लाज वाटली स्वतःची.

तशीच फोनवर रडले. "आबा, आकडा चुकीचा होता. आता एक रोपही उपटू नका."
"बरं, बरं. रडू नगंस. केरबालाबी सांगतो, त्यो उद्या काढनार व्हता." केरबाकाकांचं वावर आमच्या शेजारीच.

१६ मे
दिवसभर मीटिंगा. दुरुस्ती राहिलीच. संध्याकाळपासून धरणाच्या वर, लोणावळ्यात, धो धो पाऊस.

१७ मे, शनिवार
सकाळी 'पातळी' खाजगी केली. कंपायलरची तक्रार नाही. कितीदाही चालवा, एकच आकडा — पाणी आज लागणार.

प्रोग्राम चुकला म्हणजे उत्तरही चुकलं, असं कुणी सांगितलं होतं मला? आधी दुरुस्त करायचं, मग फोन करायचा! एवढं कळू नये?

आईनं उचलला. "आबा कवाच गेल्यात वावराकडं. पानी चढतंय म्हनं."

१८ मे
केरबाकाकांचं सगळं गेलं. आबांनी त्यांना सांगितलंय — "म्याच थांबीवलं तुला." माझं नाव घेतलंच नाही.